उलट्या दाराची फिचा

२ एप्रिल

आई,

हे पत्र व्हेल्कोच्या हातून पाठवते आहे. त्याची व्हॅन शुक्रवारी निघते. तो म्हणाला, व्हिएन्नाच्या थांब्यावर तुझ्या आईच्या हातात देतो, काळजी नको. फोन करणार होते, पण फोनवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. तू हॅलो हॅलो करतेस आणि मी इकडे नुसती श्वास घेत बसते, मग तू ठेवून देतेस. लिहिताना तसं होत नाही.

आजोबा बरे आहेत. मीपण बरी आहे. बकरी विकली.

सांगायचं ते हे, की आजोबा यंदा पोमाना घालणार आहेत, मेलेल्याच्या नावानं जेवण घालतात ती. आजीची नाही, आजीच्या सगळ्या झाल्या. स्वतःची. जिवंतपणी. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तर म्हणाले, "म्हणतील ट्राइलो शहाणा निघाला. मेल्यावर माझ्या नावानं पान कोण वाढणार? तू वाढशील, पण तुलाही उद्या कुणीतरी त्या व्हॅनमध्ये घालून नेईल. त्यापेक्षा माझं मी डोळ्यांदेखत वाढून घेतो. कुणी काय खाल्लं ते तरी कळेल."

ऑगस्टमध्ये घालायची आहे, गोस्पोयिनाचा सण झाल्यावर येणाऱ्या शनिवारी. तेव्हा सगळे व्हिएन्नावाले गावात असतात म्हणून.

आणि त्यात त्यांना फिचा द्यायची आहे. हो, गाडी. मी म्हटलं पोमानात लोक शर्ट देतात, टॉवेल देतात, गाडी कोण देतं? "जे इथे दुसऱ्याच्या हातात ठेवू तेच तिकडे आपल्याला मिळतं, हे तुला आजीनं शिकवलं नाही का? मग मी काय तिकडे पायी फिरू? आणि तुझी आजी तिकडे कधीची उभी आहे, तिचे गुडघे तसे."

पण जशी द्यावी तशीच मिळते. भोकाची दिली तर भोकाचीच मिळणार. आणि फिचाची काय अवस्था आहे, आई, तू बघायला पाहिजेस. पुढचं मडगार्ड बोटानं दाबलं की बिस्किटासारखं तुटतं. दारांच्या खालचे उंबरे दोन्ही गेलेत. पायाखालचा पत्रा तर असा आहे की मागच्या वर्षीच्या पावसात आजोबांनी ब्रेक दाबला तेव्हा त्यांचा बूट रस्त्याला लागला. तेव्हापासून ती अक्रोडाखाली उभी आहे, आत कोंबडी अंडी घालते.

तर ते सगळे पत्रे आपण घरीच बदलणार आहोत. म्हणजे मी बदलणार आहे. आजोबांचे हात आता फार थरथरतात. ते सांगतील, मी करीन. वेळ आहे मला, शाळा आता नाहीये. नोव्हेंबरपासूनच नाही. नेगोतिनच्या शाळेत सगळं तोंडी विचारतात, उभं करून. मला येत होतं. असो.

तू येशील ना ऑगस्टमध्ये? आजोबांनी मला विचारायला सांगितलेलं नाही. मीच विचारते आहे.

यागोदा


२७ एप्रिल

आई,

व्हेल्को म्हणाला तू पत्र घेतलंस, पिशवीत टाकलंस आणि माझ्यासाठी चॉकलेट दिलंस. काही म्हणाली का, असं मी विचारलं. म्हणाला, "म्हणाली ना. म्हणाली इथे गाडी लावू नकोस, पोलीस येतात."

चॉकलेट चांगलं होतं. अर्धं आजोबांना दिलं. त्यांना सांगितलं दुकानातलं आहे.

काम सुरू झालंय. गाडी आत घेतली आहे, पाऊस लागू नये म्हणून. इंजिन त्याआधीच अक्रोडाच्या फांदीला साखळी बांधून काढलं. दारं काढून भिंतीला लावून ठेवली. तुला आठवतं का, आपल्या फिचाची दारं उलटी आहेत, बिजागऱ्या मागे आणि कडी पुढे. आजोबा म्हणतात नंतरच्या गाड्यांना कंपनीनं सरळ दारं लावली, कारण उलटं दार चालत्या गाडीत सुटलं की वारा आत शिरून ते उखडतो. म्हणून आजी बाजाराला जाताना कायम एक हात दाराच्या पट्ट्यात घालून बसायची. मला मांडीवर एका हाताने धरायची, दाराला दुसऱ्यानं.

वरून रंग बघितला तर उजवा उंबरा बरा वाटत होता. मी पेचकस टोचला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. मग ग्राइंडरनं कापला. आतून काय काय निघालं! फोम, सिमेंट, वर्तमानपत्रं आणि एक चिंधी. चिंधी ओढली तर लांबच लांब. आजीचा डोक्याचा रुमाल, तो निळा. आजोबा म्हणाले, "तिच्या पायाला गार वारा लागायचा म्हणून कोंबला होता. तिला वाटलं हरवला. मला बरेच दिवस शिव्या बसल्या." मग त्यांनी तो झटकला, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवला. गंजानं सगळा लाल झाला होता, धुवायला मागितला तर दिला नाही.

पाउनआबा रोज येतात आणि बसून टोमणे मारतात. आजोबांच्या वयाचा गावात तेवढाच एक उरलाय, म्हणून गाडी त्यांनाच द्यायची आहे. बाईची वस्तू बाईला, म्हाताऱ्याची म्हाताऱ्याला.

"ट्राइल्या, ही गाडी आहे का चाळण?"

"तुला फुकट मिळते आहे ना पाउन्या, मग दात मोजू नकोस."

"मला नाही मिळत. मला नुसती सांभाळायची आहे, मिळणार तुला. आणि मी तुझ्याआधी गेलो तर?"

"तर तिकडे दारात उभी करून ठेव. पण बसू नकोस. तुझ्या ढुंगणानं सीट खराब होते."

मी आतापर्यंत इतकी कधी हसले नव्हते. हसताना मला अडत नाही.

नवे उंबरे नेगोतिनच्या एका माणसाकडे मिळाले, काळा रंग मारलेले, कोरे. हातात धरले की जड लागतात. आजोबांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे मला पुरून उरतील."

यागोदा


१९ मे

आई,

व्हेल्को म्हणाला मागचं पत्रपण घेतलंस. या वेळी काही बोलली नाहीस म्हणाला. तुझ्याबरोबर एक छोटा मुलगा होता म्हणाला, लाल टोपीचा. मी त्याला नाव विचार असं सांगणार होते, मग नाही सांगितलं.

मला आता वेल्डिंग येतं. आजोबा खाणीत होते तेव्हाचं त्यांचं मशीन नाही, पाउनआबांच्या मुलाचं आहे, तो लिंझला गेला तेव्हा ठेवून गेला. आजोबा माझ्याकडे पाठ करून खुर्चीवर बसतात. उजेडाकडे बघायला त्यांना डॉक्टरनी नको सांगितलंय. ते नुसतं ऐकतात. गरम तेलात कांदा सोडल्यासारखा आवाज एकसारखा आला पाहिजे. मध्येच फट् फट् झालं की पाठमोरेच ओरडतात, "पळू नकोस! तुझ्या मागे कोण लागलंय?" आणि आवाज बसका झाला की, "जाळलास पत्रा. भोक पडलं ना?" पडलेलं असतं.

पहिलं मडगार्ड मी तीनदा काढलं. आता जे बसलंय ते बघून पाउनआबा काही बोलले नाहीत, म्हणजे चांगलं असणार.

मग तळाचा पत्रा. खाली झोपून वर वेल्डिंग केलं तर ठिणग्या गळ्यात जातात. म्हणून गाडी कुशीवर पाडायची. फिचा हलकी, इकडे सगळे तसंच करतात. खाली काहीतरी मऊ घालायचं, दोन-तीन जणांनी उचलायची आणि हळूच आडवी करायची. व्हेल्को, पाउनआबा आणि मी. आजोबा तोंडानं उचलत होते. ती आडवी झाली तेव्हा कुत्र्यानं पोट वर केल्यासारखी दिसली. आजोबा म्हणाले, "बघा, लाज सोडली बाईनं."

त्यांनी मला एक गोष्ट परत परत सांगितली आहे. एका बाजूचा उंबरा कापायचा, नवा लावायचा, वेल्डनं पुरा शिवायचा आणि मगच दुसऱ्याला हात. मला कळलंय. मी काही लहान नाही.

आणि गाडी एकदा दिली की आपल्या घरच्यांनी तिला हात लावायचा नाही, हेपण सांगून ठेवलंय. लावला तर ती परत इकडची होते आणि तिकडे ते रस्त्यावर पडतील. म्हणून जे करायचं ते आधीच.

आजोबांना खोकला आहे थोडा. धुळीनं.

ऑगस्टचं काय ते कळव. व्हेल्कोला नुसतं हो म्हटलंस तरी चालेल.

यागोदा


२२ जून

आई,

गाडी सरळ केली. चारही चाकांवर उभी आहे. उंबरे दोन्ही बसले, तळ बसला. खालून सगळीकडे लाल प्रायमर मारला.

आजोबा मध्ये दोन दिवस नेगोतिनला होते, तपासणीला. आता घरी आहेत.

दारं लावते आहे. डावं बसलं. उजवं जरा अडतं.

पाऊस नाही. टोमॅटो लावले.

यागोदा


११ जुलै

आई,

मागच्या पत्रात मी नीट लिहिलं नाही. मी ते तीन वेळा लिहिलं आणि प्रत्येक वेळी लहान होत गेलं.

उजवं दार अडत नाही. ते लागतच नाही. कडी येते तिथे भोक नाही, भोक आहे तिथे कडी येत नाही. वरच्या कोपऱ्यात फट एवढी की माझा हात जातो आणि खालचा कोपरा उंबऱ्यावर घासतो. मी बिजागरीखाली पट्ट्या घातल्या, काढल्या, ठोकलं, खेचलं. पाउनआबांनी गुडघा लावून दाबलं तर लागतं, गुडघा काढला की टक्कन उघडतं.

मी दोन्ही उंबरे एकदम कापले. आजोबा इस्पितळात होते तेव्हा. गाडी कुशीवरच होती, दोन्ही उंबरे समोर दिसत होते आणि मला वाटलं ते यायच्या आत सगळं करून ठेवावं, बघतील तर खूश होतील. दारं काढलेली, दोन्ही उंबरे कापलेले, म्हणजे गाडीच्या पोटाला धरायला काहीच नव्हतं. ती कुशीवर पडल्या पडल्या वाकली. डोळ्याला दिसत नाही तेवढीच. आणि मी तशीच वाकडी शिवली. छान शिवली. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम तेच आहे, कांद्याचा आवाज कुठे तुटला नाही.

आजोबांनी घरी आल्यावर दार लावून बघितलं, एकदा, दोनदा. मग उंबऱ्यावर हात ठेवून बसले. मला वाटलं ओरडतील. म्हणाले, "दोन्ही?" मी मान हलवली. म्हणाले, "मला पण एकदा तसंच झालं होतं, एका डॉक्टरच्या गाडीला. त्याला सांगितलं रस्ता वाकडा आहे." आणि मग खोकला आला तो थांबेना.

सरळ करायची तर परत सगळं कापायचं, मधून जॅकनं उचलायची आणि परत शिवायची. गॅस संपलाय. आजोबांना विचारलं तर म्हणतात, "पोरी, तेवढं नाही आता." गाडीबद्दल म्हणतात की कशाबद्दल ते मी विचारलं नाही.

तपासणी नव्हती ती. डॉक्टर मला बाजूला घेऊन बोलले. फुप्फुसं आहेत, खाणीची. त्यांनी मला विचारलं घरात मोठं कोण आहे. माझं अडलं, तर त्यांना वाटलं मला ऐकू येत नाही. कागदावर लिहून दिलं. मी कागद आजोबांना दिला. त्यांनी घडी घालून रुमालाच्या खिशात ठेवला.

आणखी एक. गाडी आत घेतली आहे असं लिहिलं होतं ना. ती तू गावात बांधलेल्या घरात आहे. खालच्या मोठ्या दिवाणखान्यात. त्याची दारं एवढी रुंद आहेत की गाडी सरळ आत गेली. आजोबा म्हणाले, बांधल्यापासून इथे कुणी राहिलं नाही, निदान गाडी तरी राहू दे. फरशीवर पत्रे घातले होते पण ठिणग्यांनी काचेच्या दारावर बारीक बारीक काळे ठिपके पडलेत, ते पुसून जात नाहीत, काचेतच बसलेत. आणि कुशीवर पाडताना खाली घातली ती तुझ्या वरच्या खोलीतली गादी. प्लॅस्टिकसकट घातली होती. प्लॅस्टिक फाटलं.

तू येऊन ओरड.

यागोदा


१ सप्टेंबर

आई,

तुझं पार्सल मिळालं. शर्ट, पँट, बूट, पट्टा, सगळं लेबलसकट. पोमानाला लागतं तेच पाठवलंस, म्हणजे पत्रं वाचतेस. आजोबांनी एकदा घालून बघितलं. बाहीतून बोटं पण दिसत नव्हती. आरशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "तुझी आई देसांका, कुणाला ओळखते ही? हा माणूस कोण?" ते तेवढे मोठे चार वर्षांपूर्वी होते. आजीच्या पोमानाला तू आली होतीस तेव्हा.

तेव्हा तुझा केक त्यांनी कुत्र्याला घातला, सगळ्यांसमोर, ते चुकलंच. विकतचा असला म्हणून काय झालं. पण तू गेल्यावर त्यांनी कुत्र्याच्या पुढून खोका उचलला आणि बराच वेळ हातात धरून बसले होते. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण सांगायला तू फोनवर असायचीस.

काल झाली. मी सगळं सांगते.

गाव भरलेलं होतं. व्हिएन्ना, लिंझ, ग्रात्स, सगळ्या मोठ्या मोठ्या गाड्या. तुझ्या फाटकाच्या दगडी सिंहांजवळ मी सकाळपासून तीनदा जाऊन आले. व्हेल्को आला तेव्हा त्याच्या व्हॅनमधून आठ जण उतरले. मी सगळे उतरेपर्यंत उभी होते. त्यानं दार ओढलं आणि मला म्हणाला, "आत बघू नकोस ग, रिकामी आहे."

अक्रोडाखाली टेबलं लावली. शिजवलेला गहू, राजमा, कोबीची पानं भरलेली, मासे, ब्रेड. शेजारच्या स्टोयाना मावशीनं धुपाचं भांडं घेऊन टेबलाला फेरी घातली. आजोबा टेबलाच्या टोकाशी बसले होते, स्वतःच्याच जेवणाला, हात मांडीवर ठेवून. त्यांना त्यातलं काही खायचं नसतं. सगळ्यांकडे बघत होते. कुणी रकीचा पहिला घोट जमिनीवर सांडला की मान डोलवायचे, जणू मिळालं.

कुणीतरी व्हिएन्नाची मुलगी मोबाइलवर शूटिंग करत होती. तिनं मला विचारलं, "तू त्यांची कोण?" मी सांगायला गेले आणि अडलं. ती हसून दुसरीकडे वळली. वाईट नव्हती.

मग कपडे दिले. पाउनआबांनी ते तिथेच चढवले. ते तर आजोबांहून बारीक. पँट दोरीनं बांधली. सगळे हसले, आजोबापण हसले. "तिकडे तरी मला हे नीट होऊ दे," म्हणाले.

मग फिचा. इंजिन व्हेल्कोनं परत बसवून दिलं होतं. ती बाहेर काढली तेव्हा सगळे हातातलं ठेवून बघायला आले, आई. खरंच सुंदर दिसत होती. पांढरा रंग, मीच मारलेला, तुझ्या दिवाणखान्यात धूळ नव्हती म्हणून एकही कण बसला नाही. मी उजवं दार आतून तारेनं बांधलं होतं. आजोबांनी बघितलं. म्हणाले, "तार सोड. बांधलेली वस्तू देत नाहीत."

मी सोडली.

त्यांनी किल्ली मेणबत्तीबरोबर पाउनआबांच्या हातात दिली. "ही तुला दिली, मला मिळो." "मिळो," सगळे म्हणाले. आता ती चालवून दाखवायची, नाहीतर दिली असं होत नाही. पाउनआबा बसले. मी म्हटलं मी शेजारी बसते, दार धरते. एका दमात म्हटलं, अडलं नाही, आणि जाऊन बसले. आजोबा असे ओरडले की वाजवणारे थांबले. "उतर! त्या सीटवर जिवंत माणूस बसत नाही!"

म्हणून ती सीट रिकामी राहिली.

फाटकापर्यंत दार कसंबसं चिकटून होतं. चर्चच्या वळणावर वारा लागला आणि ते उघडलं. उलटं दार, मागे फेकलं गेलं, धाडकन मागच्या पत्र्यावर आपटलं. तिथला रंग आणि खालची पुट्टी खपलीसारखी उडाली, आतला पत्रा दिसला. लोक हसले. कुणी शिट्टी मारली. पाउनआबा घाबरून थांबले नाहीत, तसेच चालवत राहिले, त्या मोठ्या शर्टात, पंख उघडलेल्या कोंबडीसारखी गाडी घेऊन. वळणामागे गेल्यावरही आपटणं ऐकू येत होतं.

मी आजोबांकडे बघितलंच नाही. त्यांनीच माझा हात धरला. म्हणाले, "असू दे. आजी धरेल. तिला सवय आहे."

मग बाकीचे नाचायला लागले. मी पण जेवले. भूक लागली होती.

यागोदा


१७ नोव्हेंबर

आई,

तुला कळवलं होतं व्हेल्कोनं, त्यामुळे ते लिहीत नाही. आजोबा सकाळी गेले. त्रास झाला, पण फार नाही. रुमाल खिशात ठेवला.

तुझं फुलांचं चक्र वेळेवर आलं. त्याच्या फितीवर जर्मनमध्ये लिहिलं होतं. पाउनआबांनी विचारलं काय लिहिलंय. मला येत नाही जर्मन. मी म्हटलं, 'लवकर येते' असं आहे. ते म्हणाले, "मग ठीक."

चाळिसाव्या दिवसाचं पान मी अंगणात वाढणार आहे, येत्या शनिवारी. स्टोयाना मावशीला बोलवायला गेले तर म्हणाली, "अगं, त्यानं त्याचं ऑगस्टमध्येच घालून घेतलं ना? आम्ही सगळे जेवलो की." आणि ती बॅगा भरत होती. तिची मुलगी तिला ग्रात्सला नेते आहे. म्हणजे मी एकटीच असेन. चालेल. राजमा मला येतो.

पाउनआबा गेले. मुलगा येऊन घेऊन गेला, लिंझला, मशीनसकट. ते रडत नव्हते, शिव्या देत होते. व्हॅनमध्ये चढताना तोच शर्ट घातला होता. किल्ली मला द्यायला लागले, मी हात मागे घेतला. मग त्यांनी ती गाडीतच ठेवली.

फिचा त्यांच्या अंगणात उभी आहे. आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. उजव्या उंबऱ्यावर, मी शिवलं तिथेच, रंगाखाली फोड आलाय. लहान आहे, मसुराएवढा. आत मी मेण ओतायला पाहिजे होतं, घाईत राहिलं. बंद पत्र्याला गंज आतून खातो, बाहेर दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो. दोन हिवाळे, फार तर तीन.

आणि आता कोशावा सुटली आहे. तुला आठवत असेल तो वारा, एकदा लागला की आठवडा आठवडा थांबत नाही. दार उघडतं, आपटतं. उघडतं, आपटतं. दळताना ऐकू येतं, पाणी भरताना ऐकू येतं. पहिल्या दिवशी मी वाट बघितली. मला वाटलं थांबेल. आजोबा म्हणाले होते ना, आजी धरेल.

आई, कुणी धरलेलं नाही.

मी काल कुंपणापर्यंत गेले आणि परत आले. मला हात लावता येत नाही. घरची आहे आणि जेवलेपण आहे. पाउनआबांना जायच्या आधी विचारलं होतं, मग दार लावायचं कुणी? त्यांनी खूप विचार केला. म्हणाले, "ज्यानं त्या दिवशी पान घेतलं नाही, त्याला घरचा असला तरी चालत असेल. ट्राइल्याशी त्याचं नातं अजून तुटलेलं नाही." आता हे खरंच तसं आहे की त्यांनी तेव्हाच बनवलं, मला माहीत नाही. पण मी सगळी नावं आठवून बघितली. गावातले सगळे जेवले. कुत्रापण जेवला.

राहिलीस तू एकटी.

तुझं घर मी पुसून ठेवलंय. काचेवरचे ठिपके गेले नाहीत. गादी उलटी करून घातली आहे, वरून कळत नाही. त्या छोट्याची टोपी मोठी असली तर डोळ्यांवर येईल, इथे वारा आहे, बांधून पाठव किंवा आण.

दार सरळ करायला नको, ते होणार नाही. नुसतं बांधायचं आहे. तार पाउनआबांच्या फाटकाला आतून अडकवून ठेवली आहे. आतल्या पट्ट्यातून घे आणि सीटच्या पायाला दोन वेढे दे. पुरतात.

यागोदा